मुळीबाबाचा लेप

दर गुरुवारी ताथवड्याच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. मुळीबाबा बरणीतून मांसाची काळी, वाळकी ढलपी वर काढून गर्जे, "बघा, क्यान्सर मुळासकट उपटला! सुरी न्हाई, रगत न्हाई!" माणसं पटापट पाया पडत.

त्या गर्दीत पुनावळ्याची गोजाबाई होती. कमरेला लुगडं जिथे काचतं तिथे तिला दोन वर्षं जखम होती, भरतच नव्हती. मी गावचा मास्तर. मीच तिला आणि तिच्या नवऱ्याला, कोंडाजीला, पुण्याच्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कातडीचा कॅन्सर आहे. खोल गेलेला नाही, कापून काढला तर बरी होईल." पण तारीख मिळाली नऊ आठवड्यांनंतरची. खाटाच रिकाम्या नव्हत्या.

"नऊ आठवडं नुसतं बसायचं व्हय, मास्तर?" कोंडाजीने विचारलं.  गुरुवारी त्याने तिला बाबाच्या माळावर नेलं.

बाबाने लेप थापला. गोजाबाई तीन दिवस तळमळली. नवव्या दिवशी काळी ढलपी गळून पडली. "मुळी निघाली! आता सुरी लावली तर रोग उलटंल," बाबाने बजावलं.

इस्पितळाच्या तारखेला गोजाबाई खुरपं घेऊन शेतात भांगलत होती. मी विनवण्या केल्या. "बरी झालीया की मी," ती हसून म्हणाली.

तीन महिन्यांत तिच्या जांघेत गाठ आली.

चिंचवडच्या दवाखान्यातल्या नर्स शालनबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी तोच लेप मिळवून स्वतःच्या दंडावर लावला, मी नको म्हणत असताना. दहा दिवसांनी, गुरुवारी, बाबासमोर भर गर्दीत त्यांनी पट्टी सोडली. दंडाला रुपयाएवढा खड्डा आणि हातात तशीच काळी ढलपी.

"मला कुठला रोग होता, बाबा?"

"छुपा रोग व्हता, बाई!"

"बरं. मग तुमच्या दंडावर लावू?"

बाबाने हात मागे घेतला. 

"यात चुना आणि दाहक सोडा आहे," शालनबाई म्हणाल्या. "तो चांगलं मांसही जाळतो. जळलेलं गळतं, त्याला हा मुळी म्हणतो. खालचा रोग तसाच वाढतो."

पुढच्या गुरुवारी बाबा चाकणकडे पसार झाला होता.

मी गोजाबाईला पुन्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि नकारार्थी मान हलवली; रोग आता पसरला होता. परतताना तिने विचारलं, "मास्तर, ती पयली तारीख आता मिळंल का वो?"

चैत्रात ती गेली.

रोग्याला नऊ आठवडे ताटकळत ठेवणं वाईटच. त्यासाठी अर्ज करा, भांडा, इस्पितळाच्या दारात बसा. पण तारीख चुकवू नका. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर तो धडधाकट अंगावरही होतो का, एवढं आधी विचारा.