दहा कोटी एक

खडूचा तुकडा मुठीतच राहिला होता... टोचला तेव्हा अंबिकाच्या लक्षात आलं, की आपण मुलाखतीच्या खोलीतून बाहेर येऊन कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्या आहोत. पाच मिनिटांपूर्वी ती फळ्यापुढे होती आणि प्राध्यापक निवड समितीचे अध्यक्ष नानासाहेब, तीस वर्षं गणित शिकवलेले, विचारत होते, "दहा कोटी एक. मूळ की संयुक्त?"

एक, मग सात शून्यं, मग पुन्हा एक. तीननं भाग जात नव्हता, सातनं नाही, अकरानं नाही, तेरानं...

"पुरे! मूळच आहे ती. आणि बाई, तुमच्या लोकांना राखीव जागा असताना अर्ज खुल्या प्रवर्गातून कशाला?"

ती म्हणाली होती, "हो सर." — ते 'हो' कशाला? मूळ असण्याला, की त्या 'तुमच्या लोकांना'?

तिनं मुलाखतीचं पत्र भिंतीला टेकवलं आणि मागच्या बाजूवर पेनानं भागाकार मांडला. तेराच्या पुढं सतरा. पाच, आठ, आठ, दोन, तीन, पाच, तीन... बाकी शून्य. एकच पायरी उरली होती, आणि आपण हो म्हणून बसलो!

ती जिना उतरून खाली आली. लिंबाखाली तिचे वडील सोनाजी बसले होते. मेंढरं भावकीतल्या कुणाकडं सोपवून फुलंब्रीहून तिच्यासोबत आलेले.

"झालं का गं माय?"

"आबा, ते चुकीचं बोलले अन् मी हो म्हणले."

"लई शिकलेले असतील ना ते?"

"व्हय. तरी चुकलेच."

"मंग सांगून ये की. मी हाय इथंच."

किती सहज! — पण आबांना ते सहजच होतं. ती नऊ वर्षांची असताना एक व्यापारी मेंढरं नव्वदच म्हणून अडून बसला होता. आबांनी त्याला उन्हात उभं करून अख्खा कळप कुंपणाच्या फटीतून पुन्हा एकेक सोडला. एक्याण्णव. आवाज चढवला नाही, की मान खाली घातली नाही. मग मी का घालू?

"मॅडम, तुमचं झालंय," शिपाई मुलाखतीच्या खोलीच्या दारातच आडवा आला. "दुसरे उमेदवार आत हायेत."

"माझं झालेलं नाही."

आत गेल्यावर तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सर, ती संख्या मूळ नाही. सतरानं भाग जातो. मघाशी मी हो म्हणाले, ते चुकलं माझं. आणि खुल्या प्रवर्गातून अर्ज केला, कारण माझे गुण तिथं बसतात."

खुर्चीवरच्या उमेदवारानं पाय आत ओढून घेतले. नानासाहेबांनी कागद पुढ्यात घेतला, भागाकार मांडला. शेवटच्या शून्याशी पेन थांबलं. मग ते खिडकीकडं बघत म्हणाले, "बरं. या तुम्ही."

बरोबर आहे, असं कुणीच म्हणालं नाही. नोकरी हातची गेली असेल... किंवा नसेलही. ती जिना उतरून आबांकडं निघाली. राग मात्र होता — अजून गरम, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणापासून लपवावा असं न वाटणारा.