भाजलेलं बी

फुलाबाई आणि तानूबाई सख्ख्या जावा, पण दोघींचं विळ्या-भोपळ्याइतकं सख्य. कळस गावच्या माळावर एका बांधाला लागून दोघींची घरं. थोरल्या तानूबाईच्या दारात गलांडा फुलायचा, लाल पाकळी आणि कडेला पिवळी किनार. असला दुरंगी गलांडा वस्तीत दुसरीकडं कुठं नव्हता. दसऱ्याला बिरोबाच्या गळ्यात पहिला हार पडायचा तो दारच्या फुलांचा, विकतच्या नाही, अशी रीत. त्यामुळं अकरा वर्षं तो मान तानूबाईचा होता.

हार घालून मागं वळली की तानूबाई धाकटीकडं बघून हसायची. त्या हसण्यानं फुलाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शहाण्णव सालच्या जेठात तिनं दातओठ खात बांध ओलांडला आणि बी मागितलं. देवाच्या फुलाचं बी कुणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही, म्हणून तानूबाईनं मूठभर दिलं. पण तोंड कसलं गप बसतंय!

"न्हाय उगावलं तर माझ्या नावानं शिमगा करू नगंस. आन नीट ऐक. ह्याच्यावर माती घालायची न्हाय. उन्हातली जागा बघून वरच्यावर टाकायचं आन पाणी शिपडायचं. एकदा लागला की वर्सानुवर्सं बघाया लागत न्हाय."

"माती घालायची न्हाय म्हणं!" फुलाबाई घरी येऊन नवऱ्याला, सोनबाला म्हणाली. "म्हंजे चिमण्यांनी टिपायचं, आन हिनं दात काढायचं. मला काय खुळी समजती व्हय?"

तीन पिढ्या मेंढरं राखून आता कुठं ज्वारी-बाजरी पेरायला लागलेलं ते घर. पेरलं म्हणजे झाकलं, एवढंच तिला ठाऊक. तिनं दोन बोटं खोल चर काढले, बी सोडलं, माती लोटली आणि वरून लेंडीखताचा जाड थर दिला. पदराला चिकटलेलं दहा-वीस बी धुण्याच्या दगडापाशी झटकलं आणि विसरून गेली.

महिना उलटला. वाफ्यात हराळी माजली, गलांड्याचा पत्ता नाही. तिनं काडीनं उकरून पाहिलं, तर बी काळंठिक्कर पडलेलं. फुलाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. भाजून दिलं रांडेनं!

आखाडातल्या अमावस्येला सगळी वस्ती देवळात जमली होती. फुलाबाई मधोमध उभी राहिली आणि वस्तीतल्या जाणत्या म्हाताऱ्याला, आप्पाला म्हणाली, "आप्पा, हिनं मला तव्यावर भाजलेलं बी दिलं. देवाच्या फुलात कपट केलं."

"जीभ झडंल तुझी!" तानूबाई उसळली. "नाचता येईना आन अंगण वाकडं! उचल भंडारा. उचल की, बघू!"

देवापुढची हळद हातात घेऊन बोललेलं खोटं निघालं तर त्या माणसाला पुन्हा वस्तीत तोंड नाही. फुलाबाईनं मूठ भरून भंडारा उचलला. "बी चांगलं असंल तर बिरोबा मला बघून घील!"

आता आप्पाही काय करणार? "औंदा तानूबाईचा हार देवाला चढायचा न्हाय," तो म्हणाला. तानूबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. फुलाबाईला तेच तर बघायचं होतं, ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन दगडापाशी बसली. समोर तण होतं. रोजच असायचं. आज मात्र तिची नजर अडकली. लांबट, लवदार पानं. बांधापलीकडं अकरा वर्षं बघितलेली. बी चांगलं होतं! खोल गाडून आपणच कुजवलं!

खरं सांगून टाकावं, असं घटकाभर वाटलं तिला. पण भंडारा उचललेला. आणि ती तानूबाई मरेस्तवर हसली असती. फुलाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि रोपं उपटून चुलीत घातली. आठवड्यानं आणखी तीन उगवली. तीही उपटली. धुण्याच्या पाण्यानं माती ओली राहायची आणि मेलं एकेक डोकं वर काढायचं. श्रावण असाच गेला. भादव्यात काही दिसेना, तेव्हा कुठं तिला नीट झोप लागली.

दसऱ्याचा मान आता धाकटी जाऊ म्हणून तिच्याकडं आला होता. दारात घाईनं लावलेला झेंडू मायंदळ फुलला होता. हार ओवायला तिनं नव्या सुनेला, प्रगतीला बसवलं. प्रगती भवानीनगरची. आखाडात ती माहेरी होती, आणि बियाचा विषय पुढं घरात कुणी काढलाच नाही. फुलाबाई नटण्यात दंग, हाराकडं बघायला सवड कुणाला?

देवळात प्रगतीनं ताटावरचं फडकं काढलं. पिवळ्याधमक झेंडूत मधोमध लाल फुलं होती, पिवळ्या किनारीची.

पुढच्या बाया माना उंचावून बघायला लागल्या.

"पोरी, ही फुलं कुठली?" आप्पानं विचारलं.

"धुण्याच्या दगडामागं, भितीच्या फटीत एक झाड हाय की. आत्याच्या ध्यानात आलं नसंल." प्रगती कौतुकानं सासूकडं बघायला लागली. "लई ग्वाड दिसत्यात न्हवं, आत्या?"

फुलाबाईनं घाईनं हार ताटातून उचलून पदराआड धरला. तानूबाई गर्दीतून पुढं आली. ती हसली नाही. हसली असती तर फुलाबाईनं सोसलं असतं.

"भाजलेलं बी फुललं व्हय गं?" ती म्हणाली. "देव पावला तुला."

तिनं देवापुढचा चिमूटभर भंडारा घेतला, धाकटीच्या कपाळाला लावला आणि चालती झाली; मागं वळून बघितलंसुद्धा नाही. फुलाबाई हार घेऊन तिथंच उभी राहिली. तो हार तिच्या हातातून कुणी घेईना.