कंपनी बोलते तेव्हा

शरच्चंद्र देवस्थळी बँकेतून निवृत्त झाले आणि बालीगंजलाच राहिले. पुण्याला परतायचा विषय निघाला की म्हणायचे, "तिथे माझ्याशी भांडायला कोण आहे?" कोलकात्यात त्यांना भांडायची एक हक्काची जागा होती. केबल बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर त्यांच्याकडे होते, आणि तिच्या वार्षिक सभेला ते न चुकता जात. त्यांची मुलगी वृंदा त्याच कंपनीत कायद्याचं काम बघायची.

या सभांची तऱ्हाच निराळी. निम्मे भागधारक येतात ते कचोरी आणि संदेश मिठाईच्या पाकिटासाठी. मग एक जण माइकवर अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतितो, दुसरा संदेश शिळा असल्याची तक्रार करतो. अध्यक्ष दोन्ही हसतमुखाने ऐकतात. त्यांचं काय जातं त्यात?

यंदा शरच्चंद्रांचा प्रश्न मात्र वेगळा होता, आणि तो त्यांनी कंपनीला आधीच लिहून कळवला होता. निवडणुकीत कंपनीने एका पक्षाला घसघशीत देणगी दिली होती. संचालकांनी आपसांत ठराव केला, सगळं कायद्यात बसवलं, आणि वर अध्यक्ष एका मुलाखतीत म्हणाले की ही देणगी म्हणजे कंपनीचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य.

"कंपनीला तोंड फुटलं, आनंद आहे," शरच्चंद्र जेवताना कडाडले. "पण त्या तोंडात आमचेही चार दात आहेत! कुणाच्या बाजूने बोलायचं, हे आम्हाला नको विचारायला?"

वृंदाने हातातला घास खाली ठेवला. "बाबा, साहेबांनी आज मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, वडिलांना आवरा. माझं प्रमोशन आलंय हो तोंडाशी." मग अगदी हळू म्हणाली, "नका ना विचारू."

शरच्चंद्रांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीचा चेहरा बघून ते एवढंच म्हणाले, "बरं."

सभेत त्यांचं नाव पुकारलं गेलं. वृंदा व्यासपीठावर, अध्यक्षांच्या मागे, तयार उत्तरांचे कागद घेऊन बसली होती. उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबाची खुशामत न केलेला हा माणूस माइकपाशी जाऊन म्हणाला, "व्यवस्था उत्तम आहे. चहाही छान. धन्यवाद." आणि मान खाली घालून जागेवर येऊन बसला.

शेजारचे घोषबाबू चकितच झाले, तब्येतीची चौकशी करू लागले. "की होलो, दादा? शोरीर भालो तो?"

शरच्चंद्रांनी नुसती मान हलवली. लाजेने त्यांचे कान तापले होते. वर पाहिलं तर वृंदा त्यांच्याचकडे बघत होती, डोळे भरलेले.

"आणखी कुणाला बोलायचंय?" अध्यक्षांनी उठता उठता विचारलं.

"मला, सर."

वृंदाने कागद खुर्चीवर ठेवले, पायऱ्या उतरून ती खाली आली आणि भागधारकांच्या माइकपाशी उभी राहिली.

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुम्ही आमच्या स्टाफवर आहात."

"कंपनीनेच मला शेअर दिलेत. भागधारक म्हणून बोलतेय." आवाज जरासा कापत होता, पण थांबला नाही. "मी त्या पक्षाला मत दिलेलं नाही. तरी माझ्याही पैशातून तुम्ही त्याला पाठिंबा दिलात. दुसऱ्या पक्षाला दिला असतात, तरी मी हेच विचारलं असतं. पुढच्या वेळी देणगीआधी तो ठराव या सभेपुढे आणाल का? कायद्याची तशी सक्ती नाही, मला ठाऊक आहे. त्या ठरावाचा मसुदा मीच केला होता. पण कायद्याची मनाईही नाही."

"हा आजचा विषय नाही. बसा," अध्यक्ष म्हणाले.

"उत्तर मिळेपर्यंत उभी राहते, सर."

गेलं प्रमोशन, शरच्चंद्रांच्या मनात आलं. नोकरीवरही गदा येईल कदाचित. काळजी तर वाटलीच, पण अभिमान एवढा दाटून आला की छातीत मावेना.

"मेयेटी के, दादा?" ही मुलगी कोण, असं घोषबाबूंनी दबक्या आवाजात विचारलं.

शरच्चंद्र उठून उभे राहिले. "आमार मेये!" माइकशिवाय तो आवाज व्यासपीठापर्यंत गेला. माझी मुलगी. ते पुन्हा खाली बसले नाहीत.

घोषबाबूंनी मांडीवरचं पाकीट बाजूला ठेवलं आणि तेही उठले. मागे खुर्च्या सरकू लागल्या, एकामागून एक. अर्धं सभागृह उभं राहिलं, तसे अध्यक्ष पुन्हा खाली बसले आणि त्यांनी माइक जवळ ओढला. आता उत्तर देणं भाग होतं.