स्कर्ट-ब्लाऊज

क्वान्सानं शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि चालती सुई थांबवली.

"आरबा मावशी, नाव सांग. एकच नाव. मग तुझ्या टपरीला कुणी बोट लावणार नाही."

आरबानं वर पाहिलं. कालपरवापर्यंत हा शाळेची चड्डी तिच्याकडून शिवून नेत होता. आता पक्षाचा चिटणीस झाला आणि आवाजाला खळ चढली.

"कसलं नाव?"

"वेड पांघरू नकोस. सात डिसेंबरला आपल्या केंद्रावर आपल्या खासदाराला चारशे बारा मतं, आणि आपल्याच अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दोनशे सहा! बायकांनी सरळ स्कर्ट-ब्लाऊज केलंय. वर एका पक्षाचं, खाली दुसऱ्याचं. म्हणून तर आज अध्यक्षपदासाठी ही मतदानाची दुसरी फेरी कपाळी आली. राजधानीतून, आक्राहून, विचारताहेत, बायकांना फितवलं कुणी?"

"मी शिंपीण बाई. स्कर्ट-ब्लाऊज हा माझा धंदाच आहे."

टपरीतल्या बायका फिसकन हसल्या. क्वान्सा हसला नाही. टपरी सरकारी जागेवर होती, आणि ती हलवणं कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून आरबाचं पोट या चार फळ्यांवरच चालत होतं.

शेजारच्या मशीनवर कुकुआला सुईत दोरा ओवता येईना. आळीत दारोदार फिरून बायकांना पटवलं होतं ते तिनंच. मतदानानंतर तिनं ते स्वतःच आरबाला सांगितलं, तेव्हा आरबानं तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. कुकुआचा नवरा क्वान्साच्या भावाच्या होडीवर कामाला होता, आणि घरी तीन पोरं होती.

"बोल. का एकेकीला विचारू?" क्वान्साची नजर कुकुआवर येऊन थांबली.

आरबा उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तिच्याकडे काय बघतोस? मी केलं. सगळ्यांना मीच सांगितलं. जा, कळव आक्राला."

"तू? नवरा तुझा पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन मेला, आणि तू?"

"झेंडा नेला त्यानं. माझी अक्कल नाही नेली."

"उद्या टपरी उचलायला माणसं येतील."

"दुपारी पाठव. सकाळी मला गिऱ्हाईक असतं."

तिनं मशीनवर कापड टाकलं आणि मतदान होतं त्या शाळेची वाट धरली. बायकाही मागोमाग निघाल्या. कुकुआ रडत होती.

"डोळे पूस," आरबा मागे न वळता म्हणाली. "त्याला वाटेल, आपण घाबरलो."

रांगेत तासभर गेला. मग कागद हातात घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिली. सात तारखेला याच आडोशाला तिनं दोन्ही कागदांवर क्वान्साच्या पक्षापुढेच अंगठा उठवला होता. त्याआधीही दर वेळी तेच. स्कर्ट-ब्लाऊज तिनं जन्मात फक्त कापडाचे केले होते. आज सकाळी मशीनवर बसली, तेव्हाही तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

आज कागदावर दोनच चेहरे होते. तिनं अंगठा शाईत बुडवला, ओळखीच्या चेहऱ्यावरून पुढे नेला आणि दुसऱ्यासमोर इतका जोरात दाबला की टेबल हललं.

क्वान्सा फाटकाबाहेर उभा होता.

"शेवटी दाखवलास ना रंग?"

"दाखवला," आरबा म्हणाली. "आज पहिल्यांदाच."