रिकाम्या खोलीचे पडदे

आमच्या डायलिसिस विभागात सहा खाटा आहेत. खिडकीजवळच्या खाटेवर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी प्रूफवाल्या मावशी असायच्या. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. एका हातात सुया, त्यामुळे पुस्तक दुसऱ्या हातात धरायचं आणि पान उलटायचं ते अंगठ्याने. मी तिथली नर्स. त्यांच्याइतकं मन लावून वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आवडलेल्या गोष्टीबद्दल "छान आहे" एवढंच म्हणून त्या कधी थांबल्या नाहीत. नेमकी जागा दाखवायच्या. सफाईवाल्या ताईंना त्यांनी एक जुनं अंगाईगीत ऐकायला लावलं, कारण दुसऱ्या कडव्याआधी गाणारीच जांभई आवरतेय अशी त्यांची खात्री होती. मला नावाड्याच्या मुलीवरचं एक पातळसं पुस्तक दिलं आणि बजावलं, की बाविसाव्या पानापर्यंत कंटाळा येईल, तो येऊ द्यायचा. नर्सिंगची परीक्षा दिल्यापासून मी पुस्तकाला हात लावला नव्हता. ते मी बसस्टॉपवर उभ्याउभ्या संपवलं, आणि त्या नादात दोन बस सोडल्या.

मग शेजारच्या खाटेवर क्रेनवाला आला. चाळिशीचा गडी. दोन्ही किडन्या गेल्याचं कळून महिना झालेला, क्रेनवर चढायला बंदी. डायलिसिसचे चारही तास भिंतीकडे तोंड करून पडायचा. तुम्हाला वरून काय दिसतं हो, असं मावशींनी विचारलं तर म्हणाला, "टकलं." मावशी इतक्या हसल्या की हात हलून मशीन कोकलायला लागलं.

एका सोमवारी त्यांनी त्याला एका सिनेमाबद्दल सांगितलं. एका घड्याळजीची बायको घर सोडून जायला निघते. सामान गाडीत चढलेलं असतं, खोली रिकामी, आणि ती परत आत येऊन खिडक्यांना पडदे लावत बसते. का लावते, ते मावशींना दोनदा पाहूनही उमगलं नव्हतं. आपण सिनेमे बघत नाही, असं सांगून त्याने पाठ फिरवली.

बुधवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. दोन पाळ्या चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. मी फोन केला तर त्याची बायको रडकुंडीला आलेली. आता पुरे झालं म्हणतो, उठतच नाही. डॉक्टर त्याला फोनवरच रागावले, मी गयावया केली. तो ढिम्म. शेवटी मावशींनी फोन मागितला. आजाराचं अक्षरही काढलं नाही.

"सिनेमा पाहिलात का?" त्यांनी विचारलं. पलीकडून नकार आला असावा. "मग बघा आणि इथे येऊन सांगा. मी अडकून बसलेय."

शनिवारी सकाळी तो आला. पाय सुजलेले, धाप लागलेली, बायकोच्या खांद्याचा आधार. आम्ही धावपळ करून त्याला मशीनवर घेतलं. श्वास जरा जागेवर आल्यावर त्याने आधी मावशींची चौकशी केली. आज त्यांचा वार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मला निरोप सांगा म्हटलं तर तयार होईना. समोरच सांगायचं होतं त्याला.

सोमवारी तो मावशींच्या आधी येऊन बसला होता.

"वरून मला घरांच्या खिडक्या दिसतात," तो म्हणाला. "पडदा नसला की समजायचं, घर रिकामं. ती गेल्यावर घड्याळजी रस्त्यावरून येणार. निदान दार उघडेपर्यंत तरी त्याला घरात कोणी आहे असं वाटावं, म्हणून लावते ती."

मावशींनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, "मी आपली खोलीच्या आतूनच बघत राहिले. बाहेर जायचं सुचलंच नाही मला."

तो पहिल्यांदाच भिंतीकडे न वळता पडला.

पुढे एकदा मी मावशींना गाठून विचारलं, की त्याला आणण्यासाठी न कळल्याचं सोंग केलंत ना? त्या चक्क दुखावल्या. खोटी अडचण सांगून माणसाला सिनेमा बघायला लावणं त्यांना पाप वाटत होतं.

याला दोन वर्षं झाली. त्यानंतर त्याने एकही पाळी चुकवलेली नाही. परवा त्याने मोबाइलमध्ये एक चित्र दाखवायला आणलं, पाण्याच्या टाकीवर कोणीतरी रंगवलेली, आडवी झालेली बाई. जमिनीवरून फक्त बाईचे पाय दिसतात, म्हणून त्याने त्याच्या जागी आलेल्या क्रेनवाल्याकडून वरून फोटो काढवून घेतला होता. बाई झोपलीय, असं त्याचं म्हणणं. मावशींनी बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, की ती जागी आहे, उगाच डोळे मिटून पडलीय.

"मावशी, क्रेनवरून सहा महिने रोज बघितलंय मी तिला."

"मग सहा महिने तिने तुला फसवलं."

सफाईवाल्या ताई मावशींच्या बाजूने, मी त्याच्या. मशीन बंद करायची वेळ झाली तरी निकाल लागला नव्हता.