बर्फाचे टायर

नागेशनं कॅनडात शर्यतीच्या जातीची जुनी गाडी घेतली, तेव्हा आमचा साखरपुडा नुकताच झाला होता. असली गाडी बर्फात कोण चालवतं, म्हणून तिथल्या सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. त्यानं बर्फाचे टायर चढवले आणि हिवाळाभर चालवली. पठ्ठ्या कुणाचं ऐकेल तर शपथ.

त्याची सकाळ ती आमची संध्याकाळ. फोन समोरच्या काचेपाशी अडकवून तो मला कामावर सोबत न्यायचा. रामनगरात अप्पांच्या टायरच्या दुकानात बसून मी तो पांढरा रस्ता बघायची.

"बघ, आपली गाडी कशी रस्ता धरून चाललीया," तो म्हणायचा. वळण आलं की माझा पाय इथं फरशीवर ब्रेक दाबायचा. अप्पा हसायचे. पण मी "नाग्या, हळू की रे" म्हटलं की चिडायचे.

"होणारा नवरा हाय तुझा. नाग्या काय, तो काय? 'त्यांनी' म्हणाय शीक जरा."

"लग्न झाल्यावर शिकीन की."

यंदा त्याचे फोन कमी झाले. थंडी, काम, जागरण. कारणं मीच शोधून द्यायची. काल संध्याकाळी फोन आला. अप्पा ट्रकच्या चाकात हवा भरत होते, कॉम्प्रेसर धडधडत होता. पडद्यावर तोच पांढरा रस्ता.

"बर्फ पडाय लागला," नागेश म्हणाला. "परवा आम्ही टायर बदलले."

आम्ही. आपण नव्हे. 'आपण'मध्ये मी असते, 'आम्ही'त नसते. तो माझ्याच वर्गात शिकलेला, त्यालाही हे कळत होतं.

"आम्ही म्हंजे कोण?"

काचेवरचा वायपर पलीकडे गेला, परत आला.

"तुला सांगणारच हुतो, श्वेता."

गाडी सरळच चालली होती. तरी माझा पाय जीव खाऊन फरशी दाबत होता. मग फोन बंद झाला.

अप्पांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि हात पुसत आले. "काय म्हणत हुता?"

मी फोन पालथा ठेवला आणि एवढंच म्हटलं, "त्यांनी टायर बदलले."

मी त्या दोघांबद्दल बोलत होते.

अप्पांचा चेहरा खुलला. दुकानामागच्या घराकडं वळून त्यांनी आईला हाक मारली, "अगं सावित्री, ऐकलंस काय? पोरगी 'त्यांनी' म्हणाय लागली."