गज लोण्यासारखा गेला

“पाण्यात राहायला बनवलं ना तुले? मंग गंजून काहून राहिला?”

हे आमचे संतराम मिस्तरी. डोकं होडीच्या पोटात, पाय बाहेर, नि तक्रार एका नटाकडे. मी त्यांच्या कानाशी बॅटरी धरून बसले होते म्हणून ऐकू आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्यापेक्षा ते नटांशी जास्त बोलतात, आणि नट उलटून बोलत नाहीत हे त्यांचं खरं सुख.

हिंगोलीत एका कचेरीच्या मागं पत्र्याची शेड आहे, तिथं ही पुराची होडी गाड्यावर ठेवलेली असते. समुद्राकडच्या कुणीतरी वापरून वापरून सोडून दिलेली, आमच्याकडे नवीन म्हणून आलेली. हिचं इंजिन आत असतं, मोटारीसारखं. मागं बाहेर पाण्यात बुडणारी शेपटी, तिला पंखा. दोघांना जोडणारा दातेरी दांडा इंजिनाच्या कपलिंगमध्ये बसतो. आमचं दुकान कनेरगाव नाक्याला, धंदा हळद घासायच्या ड्रमचे दांडे लेथवर करून द्यायचा. जिल्ह्यात होडीचा मिस्तरी नाही, म्हणून लेथवाला तोच होडीवाला. माझी शाळा सातवी, पण केसभराचं माप घ्यायचं व्हर्नियर वाचायला आपली आपण शिकले. होडीचं इंग्रजी पुस्तक आमच्या पोरीनं, सृष्टीनं, मोबाइलवर वाचून दाखवलं, ते मी दोन वह्यांत मराठीत उतरवून घेतलं.

आज कचेरीतल्या साहेबांनी बोलावलं होतं ते एका सहीसाठी. कागद आधीच टाइप झालेला. ‘होडी बंद पडण्याचे कारण: चालकाने इंजिन बेदरकारपणे रेटणे.’ खाली तपासणाऱ्या मिस्तरीच्या सहीची जागा. कारण आधी नि तपासणी नंतर, हे मला आवडलंच नाही. ती सही पडली की भीमराजचं अकरा वर्षांचं काम सुटणार होतं.

भीमराज म्हणजे होडीचा ड्रायव्हर. गाड्याच्या चाकावर टेकून बसला होता. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी पैनगंगेला पूर आला, तेव्हा शेतात अडकलेली सोजराबाई, तिचा नातू नि दोन शेळ्या त्यानं होडीत घेतल्या. भर धारेत इंजिन नुसतं ओरडायला लागलं, पंखा फिरेना. त्यानं बाभळीची फांदी धरली, होडी तिला बांधली, काट्यांनी हात फाटले तरी चार तास सोडली नाही. सगळे वाचले, शेळ्यांसकट. ज्याला हार घालायचा त्याच्यामागं चौकशी लावली.

“वैनी, जाऊ द्या,” तो म्हणाला. “करू द्या मिस्तरीले सही. उन्हाचं काहून बसता?”

“काहून करू द्या?” मी म्हटलं. “आधी बघू तर दे, कुणी रेटलं नि किती रेटलं.”

शेपटी दोघांनी मिळून काढली. कपलिंगमध्ये बॅटरी मारली आणि माझं डोकंच फिरलं. आत दात उरलेच नव्हते. पण तुटलेला एकही नव्हता. ड्रायव्हरनं हिसका दिला तर दात मोडतो, तुकडा पडतो. इथं सगळे सारखे झिजून गुळगुळीत झाले होते, नि आत लाल भुकटी साचलेली. जात्याला टाकी लावली नाही की ते असंच होतं, हळूहळू, रोज.

“हे रेटल्यानं झालंय?” मी विचारलं. “सांगा तुमीच. इंजिन नि दांडा एका रेषेत नसले की असं होतंय. वाकडं चाललंय हे, पहिल्या दिवसापासून.”

“रेषेत होतं,” संतराम आतूनच म्हणाले. “मागच्या जूनमधी आपणच इंजिन बसवलं. गज घालून बघितला व्हता. लोण्यासारखा गेला.”

गज म्हणजे रेष तपासायची सरळ सळई. शेपटी काढायची, मागून गज घालायचा. बेअरिंगमधून कपलिंगमध्ये तो दोन बोटांनी गेला की इंजिन बराबर बसलं. नाही गेला तर इंजिनाच्या पुढच्या पायांचे नट फिरवून ते केसभर वर नाहीतर खाली घ्यायचं, परत गज घालायचा, परत काढायचा. अख्खी दुपार जाते. तो गज आम्हीच हळदीच्या ड्रमच्या पोलादातून काढला होता. शेवटचं माप मी स्वतः घेतलं होतं. बसवायच्या दिवशी मात्र मी भाचीच्या लग्नात होते.

मला वाटलं, कचेरीतल्या कुणीतरी नंतर नट हलवले. तोंडाला आलं ते बोलले. जबाबदारी घ्यायच्या वेळी सगळे साहेब, नि भोगायला एकटा भीमराज. त्याच्या जागी एखाद्या बड्याचा पोरगा असता तर फांदी धरली म्हणून फोटो छापून आला असता. संतराम बाहेर आले नि पाना पुसायला लागले. भीमराज म्हणाला, “वैनी, हळू.” 

“हळू काहून? गज आणा. आत्ताच्या आत्ता दाखवते.”

गज कोपऱ्यातच होता, पोत्यात गुंडाळलेला. हातात घेतला नि बोटाला खरखर लागली. लेथवरून उतरलेला गज आरशासारखा असतो. मी व्हर्नियर लावला. पुसून परत लावला. वहीत माझ्याच अक्षरात जे माप होतं, त्यापेक्षा टोकाला पाऊण मिलिमीटर कमी. वर पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे.

“गज बारीक झालाय,” मी म्हटलं. “कुणी घासला?”

संतराम पाना पुसत होते. तो पाना मघाशीच पुसून झाला होता. भीमराज चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याचं ते बघणं मला कळलं. त्या दिवशी गजाचं दुसरं टोक धरायला तोच तर होता. आठ महिने चौकशीला उभा राहिला, नि आमच्या दुकानाचं नाव याच्या तोंडून एकदा आलं नाही.

राग गेला नाही. फक्त त्याला जायला जागा उरली नाही.

तेवढ्यात साहेब आले. तरुण माणूस, हातात तोच कागद, नजर घड्याळावर. “झालं का, मिस्तरी? मला चारला पुढं पाठवायचंय.”

“साहेब,” मी म्हटलं, “दात झिजलेत, मोडलेले नाहीत. आणि हा गज मापाचा नाही. पाऊण मिलिमीटर कमी आहे.”

“ताई, पाऊण मिलिमीटर म्हणजे काय? डोळ्याला तरी दिसतं का?”

“कपलिंगला दिसलं की.”

त्यांनी गजाकडे बघितलं नि लगेच दुसरीकडे. जूनमध्ये इंजिन बसवताना तेही इथंच उभे होते, मोठ्या साहेबांपुढं होडी चालवून दाखवायची होती म्हणून; एवढं संतरामनी तेव्हा मला सांगितलं होतं. “आता जुनं उकरून काय उपयोग,” ते म्हणाले. “सही करा. भीमराजला दुसरीकडे कुठंतरी बघू.”

“बघा साहेब, कुठंबी चालंल,” भीमराज म्हणाला. इतक्या गरीब स्वरात म्हणाला की मला त्याला दोन द्याव्याशा वाटल्या.

कागद इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता. साहेबांनी पेन पुढं केलं. संतरामनी ते घेतलं. बॅटरी अजून माझ्या हातात चालूच होती, भर दुपारी, नि तिचा उजेड त्यांच्या हातावर पडला होता. अंगठ्यावर ग्रीस, नखात हळद.

पेन कागदाला टेकलं. उचललं. परत टेकलं.

“भीमा,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू मले काय म्हणला व्हता?”

“न्हाई आठवत, मिस्तरी.”

“आठवतंय तुले. बाभूळ धरून चार घंटे आठवलं असंल.”

त्यांनी पेन बंद करून साहेबांच्या हातात दिलं.

“गज जात न्हवता, साहेब. इंजिन खाली बसलं व्हतं, उचलायला पाहिजे व्हतं. तुमी घड्याळ बघून राहिले व्हते, अन् हा म्हणत व्हता, मिस्तरी, नट फिरवा. मी नट न्हाई फिरवले. मी गजच घासला.”